कव्हर लेटरमध्ये नेमकं लिहायचं काय? पुण्याच्या एक्स्पोर्ट जॉबसाठी सोलापूरहून अप्लाय करतेय

पूर्वभागवाली:
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे होती. मी सोलापूरची, एम.कॉम. झालंय, तीन वर्षं झाली अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. आता पुण्यात एका होम टेक्स्टाइल एक्स्पोर्ट कंपनीची जाहिरात आलीये, पोस्ट माझ्याच कामाची आहे. त्यात लिहिलंय की शिपिंग बिलापासून (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) बँकेत कागद जाईपर्यंत सगळं स्वतंत्रपणे सांभाळता आलं पाहिजे, एलसीचं (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद अटींप्रमाणे असले तर पैसे देण्याची बायरच्या बँकेची हमी) काम केलेलं असावं, सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) आणि शिपिंग लाइनशी रोज बोलायची सवय पाहिजे, दोन ते चार वर्षं अनुभव, लवकर जॉइन होणाऱ्याला प्राधान्य. आणि शेवटी ठळक अक्षरात, रिझ्युमेसोबत कव्हर लेटर नसेल तर अर्ज बघणार नाही.

रिझ्युमे तयार आहे, लेटरवर अडकलेय. नेटवरून एक घेतलं आणि त्यात बदल केले, ते मराठीत सांगायचं तर असं आहे: आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित कंपनीच्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी अर्ज करत आहे, मी मेहनती, प्रामाणिक आणि नवीन शिकण्याची आवड असलेली आहे, टीममध्ये तसंच एकटीनेही काम करू शकते, मला तीन वर्षांचा अनुभव आहे, आपण संधी दिलीत तर त्या संधीचं सोनं करीन, बायोडाटा सोबत जोडला आहे. असंच लेटर याआधी बऱ्याच ठिकाणी पाठवलंय पण एकाही ठिकाणाहून फोन नाही.

घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजी लिहिताना हात थांबतो. किती मोठं लिहायचं, पगाराचं लिहायचं का, पुण्याला शिफ्ट व्हायची तयारी आहे हे लिहायचं का, आणि मेलमध्येच लिहायचं का वेगळी फाइल जोडायची, कुणी नीट सांगेल का?

सातरस्ता:
ताई, कव्हर लेटर कोण वाचत नाही ओ. नौकरी डॉट कॉमवर एका पोस्टला हजारात अर्ज पडतात, कुणाला टाइम आहे. चॅटजीपीटीला सांगा, दोन मिनिटात लिहून देतंय, सगळे तेच करायलेत. रिझ्युमेवर लक्ष द्या.

पुण्यात_स्थायिक:
वरच्या दादांचं अर्धं खरं आहे. मी पुण्यात एचआरमध्ये आहे, माहेर सोलापूरच, जुळे सोलापूर. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर कव्हर लेटरचा रकाना बऱ्याचदा नुसता असतो, तिथं कुणी उघडून बघेलच याची खात्री नाही. पण ही जाहिरात तशी नाहीये. ज्यांनी स्पष्ट लिहिलंय की लेटर नसेल तर बघणार नाही ते वाचणारच, आणि अशा मध्यम कंपनीत बऱ्याचदा एचआरच्या आधी किंवा सोबत डिपार्टमेंटचा हेड वाचतो, ज्याच्या हाताखाली तू बसणार आहेस तो. तेव्हा लेटर त्या माणसाला लिहायचं. तू म्हणतेय, चालेल ना?

आता तुझं लेटर. त्यात चुकीचं वाक्य एकही नाही, पण ते लेटर बँकेच्या क्लार्कला चालेल, शाळेतल्या मॅडमला चालेल, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हलाही चालेल. टॉवेल नाही, एक्स्पोर्ट नाही, सोलापूर नाही. मेहनती आणि प्रामाणिक हे सगळेच लिहितात, लिहिल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि नाही लिहिलं म्हणून कुणी अप्रामाणिक समजत नाही, म्हणजे ती ओळ असून नसून सारखीच. वाचणाऱ्याच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात: हिला हे काम येतं का, ही इथं का येतेय, आणि ही कधी येऊ शकेल. लेटरमध्ये तेवढ्याचीच उत्तरं पाहिजेत, एका पानाच्या आत, अडीचशे ते तीनशे शब्द भरपूर झाले.

सर्वांत आधी एक कर, जाहिरात समोर ठेव आणि तिच्यात त्यांनी जे मागितलंय त्यातलं सगळ्यात अवघड काय आहे ते शोध. मला वाटतं इथं एलसी आहे, कारण शिपिंग बिल करणारे पुष्कळ मिळतात. मग स्वतःला विचार की याचा पुरावा माझ्याकडे काय आहे. जाहिरातीतल्या सगळ्या मुद्द्यांना उत्तर द्यायला जाऊ नको, दोन पकड, त्या दोन्हींवर तू प्रत्यक्ष काय केलंस ते लिही, बाकीचं रिझ्युमे सांगेल. रिझ्युमेत जे आहे तेच लेटरमध्ये वाक्यं करून पुन्हा लिहिणं यात वाचणाऱ्याचा वेळ जातो आणि तुझीही जागा जाते.

पगाराचं, त्यांनी विचारलं असेल तरच. विचारलं असेल तर टाळू नको, सध्याचा आणि अपेक्षित एका ओळीत लिहून मोकळी हो, नाहीतर मुद्दाम लपवलं असं वाटतं. शिफ्टिंगचं मात्र नक्की लिही. सोलापूरचा पत्ता बघितला की पहिली शंका हीच येते की मुलगी येईल का, आली तर टिकेल का. त्यावर कारणांची लांबण नको, पुण्यात राहायची सोय आहे, किंवा पुण्यातच काम करायचं ठरवलंय, जे खरं असेल ते. नोटिस पिरियड किती ते पण. लवकर जॉइन होणाऱ्याला प्राधान्य म्हणालेत आणि तुझ्या लेटरमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको. छोटी वाक्यं लिही. जी वाक्यं तू शिपिंग लाइनला रोज मेलमध्ये लिहितेस तशीच. तुझं कामाचं इंग्रजी चांगलं असणार, नाहीतर तीन वर्षं हे काम झालंच नसतं.

तासिका_झाली:
मी सोलापुरात कॉलेजमध्ये शिकवतो, प्लेसमेंटचंही बघतो, म्हणून एक निरीक्षण सांगतो. आपल्या मुलांना पत्रलेखन शिकवलं जातं ते दहावीच्या पेपरसाठी, त्यात प्रति, विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास विनंती करण्यात येते की, आणि खाली आपला विश्वासू. तो साचा सरकारी कार्यालयाला अर्ज करायला बरोबर आहे, तिथं अजूनही तसाच अर्ज लागतो आणि तो लिहिता आलाच पाहिजे. पण मुलं तोच साचा इंग्रजीत नेतात आणि खाजगी कंपनीला लिहितात की मी नम्रपणे विनंती करतो, माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. नोकरीचा अर्ज म्हणजे मदतीची याचना नाही हो. त्यांना माणूस पाहिजे, तुम्हाला काम पाहिजे, दोघांची गरज आहे. विनय असावा, लाचारी नसावी. मी वर्गात हे दरवर्षी पोटतिडकीने सांगतो, कारण चांगली, हुशार मुलं कागदावर एवढी दबून लिहितात की वाचताना वाईट वाटतं. पूर्वभागातली, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं तर जास्तच. संधीचं सोनं करीन हे वाक्य काढून टाका, त्याजागी आल्यावर पहिल्या महिन्यात तुम्ही काय काम अंगावर घेऊ शकाल ते लिहा.

आणि बायोडाट्याची सवय, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, यातलं काही लेटरमध्ये येऊ देऊ नका. मागितलं तर फॉर्ममध्ये भरतात ते.

गड्ड्याची_जत्रा:
माझ्या मते सोलापूरची टेक्स्टाइलची परंपरा दोन ओळीत टाकावी. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय टॅग आहे, ते पुण्याच्या लोकांना सांगायला पाहिजे की. होम टेक्स्टाइलची कंपनी आहे म्हटल्यावर त्याचं वजन पडेल.

पुण्यात_स्थायिक:
गड्ड्याची_जत्रा, अभिमान मलाही आहे, पण टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या माणसाला जीआय टॅग माहीत असतो, ते सांगून हिचं काम दिसत नाही. त्यापेक्षा ती कारखान्यात बसून काम करते, माल लूमवरून उतरून पॅकिंगला जाताना रोज डोळ्यासमोर असतो, जीएसएम, म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरचं वजन, तिला कागदावरून नाही तर हाताने कळतं, हे लिहिलं तर सोलापूरचा खरा फायदा होईल. पुण्याच्या ऑफिसात बसलेल्या डॉक्युमेंटेशनवाल्यांनी माल बघितलेलाच नसतो.

कंटेनर_काका:
उशिरा आलो चर्चेत. माझी उभी हयात एक्स्पोर्टमध्ये गेली, आधी सोलापुरात आणि नंतर मुंबईत, आता निवृत्त. माणसं निवडायचं काम मी केलेलं आहे म्हणून लिहितो. एचआरच्या ताईंनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे, दोन गोष्टी धरायच्या. पण ताई, तुम्ही काय काय केलंय ते तुम्ही आम्हाला अजून सांगितलंच नाही. तीन वर्षांचा अनुभव म्हणजे काय? कुणी तीन वर्षं नुसती पॅकिंग लिस्ट टाइप करतं, कुणी तीन वर्षांत अख्खं खातं चालवतं. म्हणून विचारतो, जमेल तसं सांगा. शिपिंग बिल आईसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) सीएचए भरतो, त्याला डेटा कोण देतं? ड्राफ्ट बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनच्या मालाच्या पावतीचा कच्चा मसुदा) कोण तपासतं? एलसी आली की अटी कोण वाचतं, तुम्ही की मालक? ईबीआरसी (परदेशातून पैसे आल्याचं प्रमाणपत्र) आणि आरओएससीटीएलचा (निर्यातीवर केंद्र-राज्याचे कर परत मिळायची योजना) पाठपुरावा कुणाकडे आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद वेळी काहीतरी बिघडत होतं आणि तुमच्यामुळं वाचलं, असं काही आठवतंय का?

पूर्वभागवाली:
काका, सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सांगते. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मीच करते, सीएचएला डेटा मीच पाठवते आणि त्याने बनवलेली चेकलिस्ट मीच तपासून ओके देते, मग शिपिंग बिल फाइल होतं. एचएस कोड (मालाच्या वर्गाचा नंबर), सवलतीची स्कीम, एलयूटीचा (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) नंबर, सगळं बघून. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचं ऑनलाइन पण मीच. पेमेंट आल्यावर ईबीआरसीचं बँकेशी बोलणं माझ्याकडे आहे, आरओएससीटीएलचं अकाउंटचे सर बघतात, मी फक्त यादी देते. एलसी आली की आधी मालक वाचायचे, आता गेलं वर्षभर मीच वाचून त्यांना, पॅकिंगला आणि अकाउंटला अटींची एक शीट करून देते, शेवटची शिपमेंटची तारीख काय, कुठले कागद किती कॉपी, कुणाच्या नावाने.

बिघडण्याचं म्हणाल तर एक आठवतंय. बाहेरच्या एका बायरचा माल होता, एलसीवर, न्हावाशेवाहून जाणार होता. शिपिंग लाइनचा ड्राफ्ट बीएल संध्याकाळी आला, ओके लगेच पाहिजे म्हणून फोनवर फोन. कार्टन बरोबर होते, कंटेनर नंबर बरोबर, सील बरोबर, पण ग्रॉस वेटमध्ये ४,८६० च्या जागी ४,६८० पडलं होतं, आकडे उलटसुलट झालेले. आणि एलसीत नोटिफाय पार्टीचा (माल पोचल्यावर ज्यांना कळवायचं त्यांचा) पत्ता चार ओळींचा होता, ड्राफ्टमध्ये तीनच. मी ओके दिलं नाही, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि एलसी चारही समोर घेऊन एकच मेल केला, काय आहे आणि काय पाहिजे असं दोन रकान्यात. रात्री सुधारून आला. बँकेत कागद एकदाच दिले, परत आले नाहीत. पण हे तर रोजचंच काम आहे ना, हे लेटरमध्ये लिहितात का?

कंटेनर_काका:
अहो ताई, हेच तुमचं लेटर आहे!

तुम्हाला ते रोजचं वाटतंय कारण तुम्ही रोज करता. जो माणूस हे वाचणार आहे त्याला रात्री झोपेत याच गोष्टीची धास्ती असते. बीएल एकदा इश्यू झाला आणि जहाज निघालं की दुरुस्तीला वेगळे पैसे, वर वेळ. तसाच कागद बँकेत गेला की पॅकिंग लिस्टवर एक वजन आणि बीएलवर दुसरं, बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे तफावत, काढणार, तिची फी कापणार, आणि मग पैसे द्यायचे की नाही हे बायरच्या मर्जीवर. एलसी असून नसल्यासारखी. आणि वेळ तरी किती असतो, एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. बँकेला तपासायला ५ कामाचे दिवस. त्यात कागद परत आले की धावपळ बघा. तुम्ही हे सगळं एका मेलमध्ये वाचवलंत आणि वर विचारता हे लिहितात का!

फक्त लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. बायरचं नाव, देश, मालाची किंमत यातलं काही येऊ देऊ नका. तुमच्या सध्याच्या मालकांचा तो धंदा आहे, आणि नवीन माणूसही मनात हेच म्हणेल की ही उद्या आमचंही बाहेर सांगेल. दुसरं, शिपिंग लाइनने चूक केली असा सूर नको, ड्राफ्ट तपासायलाच पाठवतात, त्यात राहून गेलेलं तुम्ही पकडलं, एवढंच. तिसरं, आरओएससीटीएल मी करते असं लिहू नका. यादी देते म्हणालात तर तेवढंच. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथंच येईल आणि एका ठिकाणी फुगवलेलं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही पाणी पडतं.

एलसीच्या अटींची शीट करता ते मात्र अवश्य लिहा. ते काम कुणी सांगून केलेलं नाही, तुम्ही स्वतः लावलेली शिस्त आहे. आमच्याकडे अशी शीट करणारा एकजण होता, त्याला सोडायची आमची कधी इच्छा झाली नाही.

सातरस्ता:
ओके, हे वाचून माझं मत बदललं. चॅटजीपीटीला ही वजनाची गोष्ट कुठनं माहीत असणार.

पुण्यात_स्थायिक:
हेच सांगायचं होतं, आणि वापरायचंच असेल तर उलट्या क्रमाने वापरा. आधी स्वतःचा मजकूर मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत पूर्ण लिहा, मग त्याला फक्त व्याकरण तपासायला सांगा, आणि सांगताना हेही सांगा की नवीन वाक्यं घालू नको. नाहीतर तो तुमच्या साध्या वाक्यांना असा काही मुलामा देतो की आमच्याकडे एका पोस्टसाठी आलेली लेटर एकाच माणसाने लिहिल्यासारखी दिसतात, सगळेच अत्यंत उत्साहित, सगळ्यांचीच मूल्यं कंपनीच्या मूल्यांशी जुळणारी. मुलाखतीत तोच माणूस दोन वाक्यात अडखळतो तेव्हा आम्हालाही अवघड होतं.

चार_वर्षांचा_गॅप:
मध्येच विचारते, माफ करा. मी बी.कॉम., टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम करायचे होटगी रोडला एका सीएंच्या ऑफिसात. लग्न, मग बाळ, चार वर्षं घरी होते. आता परत सुरू करायचंय. लेटरमध्ये गॅपचं लिहायचं का लपवायचं?

पुण्यात_स्थायिक:
लिहायचं, पण एका वाक्यात आणि पहिल्या परिच्छेदात नाही. चार वर्षं बाळासाठी घरी होते, आता पूर्णवेळ काम करायला तयार आहे, बस. माफी मागायची नाही, मुलाला सांभाळायला कोण आहे वगैरे खुलासा तर मुळीच नाही. त्याच्या पुढच्या वाक्यात हात अजून चालतो हे दाखव. जीएसटीत या चार वर्षांत काय काय बदललं ते बघून घे, ओळखीच्या एखाद्या दुकानदाराची रिटर्न दोन-तीन महिने भरून दे, आणि मग लिही की सध्या अमुक प्रकारच्या व्यवसायाची जीएसटीआर-१ आणि ३बी भरते. गॅप किती होता यापेक्षा आज काम येतं का यावर निर्णय होतो, निदान मी तरी तसाच करते.

तासिका_झाली:
आणि ताई, लोकल ठिकाणी, सोलापुरातली पतसंस्था, सहकारी बँक, एखादी शिक्षण संस्था, तिथं जाहिरात मराठीत असेल तर अर्ज मराठीतच करा. शुद्ध, नेटका मराठी अर्ज आजकाल कमी येतो, त्यामुळं लक्ष जातं. अशा ठिकाणी महोदय आणि आपली विश्वासू चालेल, मधला मजकूर मात्र वर म्हटलंय तसाच, कामाचा.

डिप्लोमा_मेकॅनिकल:
सर फ्रेशरने काय करायचं ओ, आमच्याकडं ना बीएल ना एलसी. चिंचोळी एमआयडीसीत दोन-तीन ठिकाणी मेल करायचाय, जाहिरात पण नाहीये, असंच पाठवायचंय.

कंटेनर_काका:
जाहिरात नसताना पाठवायचं तर आधी त्या कारखान्यात काय बनतं ते माहीत करून घ्या, गेटवर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. मग पत्रात तुमचा प्रोजेक्ट किंवा ट्रेनिंग त्याच्याशी जिथं जुळतं तेवढंच लिहा. लेथवर स्वतः कुठला जॉब केला, ड्रॉइंग वाचता येतं का, व्हर्निअर-मायक्रोमीटर हाताळलंय का, शिफ्टमध्ये यायची तयारी आहे का. आणि मेल केलाच तर एक प्रिंट घेऊन सकाळी स्वतः जा. आपल्या एमआयडीसीत अजूनही समोर आलेल्या पोराला आत बोलावतात.

तासिका_झाली:
प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला असेल तर त्यात तुझा भाग कोणता ते लिही. आम्ही बनवलं, आम्ही केलं एवढंच वाचून समजत नाही की मशिन चालवलं कुणी आणि रिपोर्ट टाइप केला कुणी.

पूर्वभागवाली:
रात्री बसून नवीन लिहिलं. इंग्रजीत लिहिलंय, इथं मराठीत सांगते, बघा बरं:

जाहिरातीत त्या मॅनेजरचं आडनाव होतं, तेच घातलंय, सर/मॅडम काढलं. पहिला परिच्छेद: एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करते आहे. सध्या सोलापुरात टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं हेच काम करते, इनव्हॉइस बनवण्यापासून बँकेत कागद देईपर्यंत.

दुसरा: तुम्ही एलसीचा अनुभव मागितला आहे. गेलं वर्षभर आमच्याकडे येणारी प्रत्येक एलसी मी वाचते आणि उत्पादन सुरू व्हायच्या आधी अटींची एक पानी शीट पॅकिंग आणि अकाउंटला देते, त्यामुळे शिपमेंटची तारीख आणि कागदांची यादी सगळ्यांकडे सारखी असते. एका शिपमेंटला ड्राफ्ट बीएलमध्ये ग्रॉस वेट आणि नोटिफाय पार्टीचा पत्ता एलसी आणि पॅकिंग लिस्टशी जुळत नव्हता, बीएल इश्यू व्हायच्या आधी मी तो लेखी दुरुस्त करून घेतला आणि बँकेने कागद पहिल्याच वेळी स्वीकारले.

तिसरा: सीएचएची चेकलिस्ट तपासून मंजुरी मीच देते, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणि ईबीआरसीचा पाठपुरावा माझ्याकडे आहे, आरओएससीटीएलसाठी लागणारी माहिती मी अकाउंटला तयार करून देते. कारखान्यातच बसत असल्यामुळे जीएसएम, साइज, पॅकिंग यात बदल झाला की तो कागदावर यायच्या आधी मला कळतो.

शेवट: मला पुण्यात स्थायिक व्हायचं आहे, राहायची सोय आहे. नोटिस एक महिना. मुलाखतीसाठी कुठल्याही दिवशी येऊ शकते.

पगाराचं त्यांनी विचारलेलं नाही म्हणून नाही लिहिलं. तेलुगू येतं ते लिहू का?

कंटेनर_काका:
वा. मी असतो तर उद्याच फोन केला असता, मनापासून सांगतो.

पुण्यात_स्थायिक:
खूपच छान. दोनच गोष्टी. कुठल्याही दिवशी येऊ शकते असं लिहू नको, तू नोकरीत आहेस, आदल्या दिवशी कळवलं तर येऊ शकते असं लिही. सकाळी वंदे भारत आहे, हुतात्मा आहे, एका दिवसात जाऊन येणं होतं, पण सुट्टी टाकायला तुला एक दिवस तरी मिळाला पाहिजे. आणि याच कंपनीत का, याची एक ओळ कमी वाटते. नामांकित वगैरे नको, त्यांच्या वेबसाइटवर जा, ते टॉवेलसोबत बेडशीट, बाथरोब असं काही पाठवतात का बघ, असेल तर लिही की टॉवेलच्या पलीकडचे प्रॉडक्ट शिकायचेत. ते खरं आहे ना? खरं असेल तरच.

तेलुगू रिझ्युमेत भाषांच्या ओळीत ठेव, तिथं ते आहेच. हैदराबादच्या पार्टीशी बोलायचं काम जाहिरातीत असतं तर लेटरमध्ये घेतलं असतं.

पूर्वभागवाली:
हो, बाथरोब आहेत त्यांचे, बघितलं. आणि ते खरंच शिकायचंय, आमच्याकडे फक्त टॉवेल होतात. टाकते ती ओळ. मेलमध्ये लिहू की फाइल जोडू ते राहिलं.

पुण्यात_स्थायिक:
जाहिरातीत सोबत म्हटलंय म्हणजे फाइल पाहिजे. लेटर आणि रिझ्युमे दोन वेगळ्या पीडीएफ, फाइलच्या नावात तुझं नाव आणि पोस्ट, न्यू फायनल २ असलं नाव नको. मेलमध्ये तीन-चार ओळी: कुठल्या पदासाठी, तीन वर्षं टेरी टॉवेल एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, एलसीसह, नोटिस एक महिना, दोन्ही फाइल जोडल्यात, आणि मोबाइल नंबर. मोबाइलवर मेल उघडणारे फाइल नंतर बघतात, त्यांना तेवढ्यात कळलं पाहिजे. सब्जेक्टमध्ये पद आणि तुझं नाव, जाहिरातीत रेफरन्स नंबर असेल तर तोही. स्वतःच्या जीमेलवरून पाठव, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे काही उघडू नको.

पाठवायच्या आधी प्रिंट काढून मोठ्याने वाच. दुसऱ्या कंपनीचं नाव राहिलेलं लेटर आमच्याकडे नेहमी येतं आणि ते तिथंच बाजूला पडतं.

पूर्वभागवाली:
पाठवलं आत्ता. किती दिवस वाट बघू? मध्ये फोन केलेला चालतो का?

कंटेनर_काका:
आठवडाभर थांबा, जाहिरातीत शेवटची तारीख असेल तर ती उलटल्यावर आठवडा. मग त्याच मेलवर रिप्लाय करून दोन ओळी, अर्ज मिळाला का आणि काही कागद लागणार असतील तर पाठवते. जाहिरातीत नंबर दिला असेल तर फोन चालतो, दुपारी तीन-चारच्या सुमारास करा, सकाळी आणि संध्याकाळी एक्स्पोर्टवाल्यांच्या मागे माल भरायच्या गाड्या असतात. आणि फोन आला तर तो ड्राफ्ट बीएलचा मेल कसा लिहिला होता ते विचारतीलच, दोन रकान्यांत काय काय होतं ते आजच एका कागदावर आठवून लिहून ठेवा, नावं सोडून.